नाव कुठून पुन्हा घ्यायचे

बस्त्यावबाबा त्या वेळी सोरुपा गावी राहत होते. हे सोरुपा आपल्या वसईच्या आसपास शोधू नका. दक्षिण अमेरिकेत, समुद्रापासून होडीने एकवीस दिवस आत गेले की तावरी नावाची नदी लागते; तिच्या वळणावर साठ-सत्तर झोपड्यांचे हे गाव. बाबा जन्मले मात्र आपल्याच पट्ट्यात, केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्यांमध्ये, रुमावांच्या घरी. पाद्री झाल्यावर वरिष्ठांनी विचारले, “कुठे जाल?” बाबा म्हणाले, “जिथे कुणी जात नाही तिथे.” असे म्हणणारे मी पुष्कळ ऐकले आहेत. खरोखर गेलेले मोजायला एका हाताची बोटे पुरतात, आणि अंगठा उरतो.

सोरुपाच्या लोकांना आपण तावरीकर म्हणू. त्यांच्या बोलीला लिपी नव्हती, पोथी नव्हती. त्या बोलीत प्रभू येशूचे शुभवर्तमान आणायचे, हा बाबांचा संकल्प. आले तेव्हा केस काळे होते. या कथेच्या वेळी अकरा वर्षे झाली होती, केस पांढरे झाले होते आणि पोथीचे शेवटचे पान अर्धे कोरे होते.

अकरा वर्षे का लागली, ते सांगतो. बाबांनी कामाची एक रीत बांधली होती, तीन तोंडांची रीत. बाबा आपल्या मोडक्यातोडक्या बोलीत एक ओळ समजावून सांगत. पहिले तोंड ती ओळ आपल्या शब्दांत सांगे. त्याच्याकडून ऐकून दुसरे तोंड तिसऱ्याला सांगे आणि तिसऱ्याने येऊन ती बाबांना ऐकवायची. ओळ धड परत आली तर बाबा लिहीत. वाटेत तिचा हात-पाय मोडला असेल तर पुन्हा पहिल्यापासून. आणि एक ओळ पुरी झाल्याखेरीज पुढची ओळ ते उघडून सांगतही नसत. “आमची आय तांदूळ तीनदा पाखडायची,” ते म्हणत. “खडा माझ्या दाताखाली कधी आला नाही.” दिवसाला पाच ओळी झाल्या तर त्या दिवशी बाबांना जेवणाचीही शुद्ध राहत नसे.

पहिले तोंड नेहमी एकच. इरुमा. मडकी घडवणारी साठीची बाई. नवरा नाही, हात कोपरापर्यंत मातीने राखाडी. चाकाशिवाय, मातीच्या वळकट्या एकावर एक चढवून ती मडके उभे करी आणि करता करता बाबांना शब्द देई. ओळ लिहून झाली की बाबा उठून उभे राहत, हात जोडत आणि म्हणत, “उपकार झाले, इरुमाबाय.” हे ‘बाय’ आपल्या वसईचे, तावरीकरांना वाटे, बाईचे पुरे नावच ते असावे. एका शब्दासाठी एवढा मोठा माणूस उठून उभा राहतो, याची इरुमाला पहिली दोन वर्षे लाज वाटली. नंतर सवय झाली. मडके थापता थापता तीही मान हलवी.

ती फुकट का राबत होती? गावाला वाटे, देवभोळी आहे. मला तसे वाटत नाही. माणूस अकरा वर्षे एखाद्या जागी येऊन बसतो, तेव्हा त्याला तिथून काही हवे असते, आणि त्यात वाईटही काही नाही.

तावरीकरांची एक चाल आहे. माणूस गेला की त्याचे नाव घ्यायचे नाही. कधीच नाही. त्यांची समजूत अशी, की गेलेला जीव लांबच्या वाटेला लागलेला असतो. मागून कुणी नावाने हाक मारली तर तो थबकतो, वळून पाहतो आणि मग त्याला ना पुढचे गाव मिळते ना मागचे. म्हणून नाव घेणे हे त्यांच्यात मोठे निर्दयपण. कुणी चुकून घेतलेच तर ऐकणारे उठून चालू लागतात.

इरुमाची एकुलती एक लेक एकोणीस वर्षांची होऊन तापाने गेली होती. बाबा येण्याच्या आदल्याच वर्षी. तेव्हापासून बारा वर्षे त्या आईने लेकीचे नाव ओठावर आणले नव्हते. बाबा आले, पोथी दाखवली, तेव्हा तिने पहिलाच प्रश्न केला होता, “बाबा, तुमच्या या पानांत गेलेल्याचं नाव घेता येतं?”

बाबा म्हणाले, “या पानांत एक जण मरतो आणि उठतो.”

“मग त्याचं नाव परत कसं घेतात, ते मला बघायचंय,” इरुमा म्हणाली आणि माती घेऊन बसली. तिचे सारे देणेघेणे ते एवढेच.

आता अडले कुठे, ते पाहा. प्रभूने क्रुसावर प्राण सोडला, ती ओळ झाली. इरुमा तीन दिवस आली नाही. चौथ्या दिवशी येऊन म्हणाली, “इथून पुढे मी त्याचं नाव घेणार नाही. ‘तो’ म्हणेन.” बाबांनी मान्य केले. खाली उतरवला तो ‘तो’, कबरेत ठेवला तो ‘तो’, धोंडा लोटला तो ‘त्याच्या’ दारावर. मग रविवारची पहाट आली, कबर रिकामी निघाली. बाबा आशेने म्हणाले, “आता?”

“रिकाम्या कबरेचं काय सांगता? कुणी उचलून नेला असेल.”

“देवदूत सांगतात, बाय.”

“सांगोवांगीवर नाव घेऊ?”

मग ती ओळ आली. मग्दालाची मरीया कबरेपाशी रडत उभी आहे. मागे वळते तो प्रभू उभा, पण तिला वाटते माळी आहे. बाबा म्हणाले, “बघ, उभा आहे की नाही?”

इरुमाने मातीचे हात मांडीवर ठेवले. “ती बाई रडतेय, बाबा. तिच्यासाठी तो अजून गेलेलाच आहे. तिच्या देखत मी नाव घेऊ? माझ्या देखत कुणी घेतलं असतं तर?”

बाबांनी लेखणी खाली ठेवली. एक पावसाळा गेला, एक उन्हाळा गेला. ओळ पुरी होईना, म्हणून पुढची उघडेना. प्रभू उठला हे इरुमाला ठाऊक होते. तो उठल्याचे त्या मरीयेला कळले कसे, ते नव्हते. ते पुढच्याच ओळीत होते! पण रीत म्हणजे रीत. संतांचा हट्ट आपल्या हट्टाहून लहान असतो असे समजू नये. फक्त त्यांच्या हट्टातून देवाला काही करता येते.

अशा वेळी, उपवासकाळाच्या अखेरच्या आठवड्यात, शहरातून डॉक्टर लिसार्दो आले. डॉक्टर औषधाचे नव्हेत, धर्मशास्त्राचे. पोथी तपासून पाहा, असा बिशपांचा हुकूम घेऊन आलेले. त्यांना सात भाषा येत. आठवी ऐकून घ्यायला आत जागा उरली नव्हती. आल्या आल्या त्यांनी खुर्ची मागितली. गावात खुर्ची नव्हती. ओकारे नावाच्या गावकारभाऱ्याने आपला कोरीव पाट दिला. डॉक्टरांनी रुमालाने तो पुसला, मगच बसले.

पोथीचा अर्थ बाबांनी स्पॅनिशमध्ये सांगावा आणि डॉक्टरांनी चुका काढाव्यात, असे सुरू झाले.

“सुईच्या नेढ्यातून उंट जाणं सोपं. इथला उंट कुठे आहे?”

“उंट यांनी पाहिलेला नाही. इथे टापीर असतो. डुकराहून मोठा, गाढवाहून ठेंगणा. नदीवर पाणी प्यायला येतो.”

“प्रभूने उंट म्हटलं होतं, फादर!”

“ऐकणाऱ्यांच्या दारातलं जनावर प्रभूने घेतलं होतं,” बाबा म्हणाले. “मीही तेच केलं.”

डॉक्टरांनी नाक उडवले. मग त्यांची नजर अंगणात माती थापणाऱ्या बाईकडे गेली. “आणि शब्द निवडते ती ही? चिखलात हात घातलेली? हिला स्वतःचं नाव तरी लिहिता येतं?”

“नाही येत. मला मडकं करता येत नाही. आमचं जमतं.”

“आणि तुम्ही शब्दाशब्दाला उठून तिला हात जोडता! बिशपांसमोर तरी एवढे वाकत असाल काय?”

इरुमाने मान वर केली. “बाबा, पाहुणा काय म्हणतोय?”

बाबा कुणाचे मन दुखवीत नसत आणि खोटेही बोलत नसत. मोठी अडचण झाली. शेवटी म्हणाले, “विचारताहेत, तुला लिहिता येतं का.”

“त्यांना विचारा, त्यांना ऐकता येतं का?”

अंगणातल्या बाया खो खो हसल्या. डॉक्टरांना शब्द कळला नाही, पण हसणे सातही भाषांत सारखेच असते. कान लाल झाले. त्या दिवसापासून ते तिला ‘ए म्हातारे’ म्हणू लागले, तेही हातवारे करून.

आणि मग त्यांच्या ध्यानात आले, की प्रभूच्या मरणानंतरच्या पानांत प्रभूचे नावच नाही! त्यांनी जागा मोजल्या. एकतीस. त्यांचा आवाज चढला. “एका कुंभारणीच्या भीतीपायी तुम्ही तारणाऱ्याचं नाव गाळलंत?”

“गाळलं नाही, डॉक्टर. तीन दिवस राखून ठेवलंय. कुठून पुन्हा घ्यायचं, ते अजून उमगलं नाही एवढंच.”

“मी सांगतो कुठून!” आणि डॉक्टरांनी आपली लेखणी काढली. दोन दिवस बसून एकतीसही जागी त्यांनी ‘येशू’ असे ठळक लिहिले. बाबांनी विनवले, हात धरला. डॉक्टरांनी बिशपांची मोहोर दाखवली. बाबांनी हात सोडला.

शुभ शुक्रवारी दुपारी गाव वडासारख्या एका मोठ्या झाडाखाली जमले. डॉक्टर म्हणाले, मीच वाचणार. त्यांना ती बोली कळत नव्हती, पण बाबांनी वापरलेली अक्षरे रोमन, ती कळत होती. अर्थ न कळता खणखणीत वाचणे ही विद्वानांची एक सिद्धीच आहे. प्रभूला धरले, फटके मारले, क्रूस खांद्यावर दिला. तावरीकर श्वास रोखून ऐकत होते, आणि ऐकता ऐकता आपल्याच शब्दांनी रडत होते. इरुमाचे शब्द होते ते. प्रभूने प्राण सोडला. झाडाखाली कुणी हलेना.

आणि डॉक्टरांनी पुढे वाचले, “मग त्यांनी येशूला खाली उतरवले.”

एक म्हातारा उठला. पाठ फिरवून चालू लागला. डॉक्टरांनी आवाज वाढवून पुन्हा तेच नाव वाचले. बाया उठल्या, लेकरांचे कान झाकून निघाल्या. तिसऱ्यांदा नाव आले तेव्हा ओकारे उठला. पाचव्या नावाला झाडाखाली डॉक्टर, बाबा आणि इरुमा, तिघेच. इरुमाने डोळे मिटून घेतले होते; ती तेवढी बाबांसाठी थांबली होती. सहाव्या नावाला तीही उठली.

डॉक्टरांनी पोथी फटकन मिटली. “पाहिलंत? अकरा वर्षं यांना शिकवून ही भक्ती! पोथी मी शहरात नेतो. शिकलेली माणसं ती पुरी करतील. या बाईची आता गरज नाही.”

बाबांनी हे इरुमाला सांगितले. सांगावेच लागले. ती एवढेच म्हणाली, “म्हणजे ती ओळ मला कळायची राहिलीच.”

पोथीची पेटी वाळवी लागू नये म्हणून तिथल्या एका काळ्या लाकडाची केली होती. ते लाकूड इतके जड, की त्याची पळी पाण्यात पडली तरी थेट तळ गाठते. पेटी उचलायला चार माणसे लागत. चौघांनी ती होडीत ठेवली तेव्हा होडी टीचभर खाली गेली. ओकारे म्हणाला, “वर डोंगरात पाऊस झालाय. पाणी चढतंय. आज नको.”

डॉक्टर म्हणाले, “मी नावाड्यांना विचारून प्रवास करत नसतो.”

दिवस मावळायच्या आत दोन्ही नावाडी ओलेचिंब परत आले. वळणाखालच्या भोवऱ्यात होडी उलटली. ते दोघे पोहून निघाले. पाहुणा आणि पेटी बुडताना दोघांनीही डोळ्यांनी पाहिली होती.

गावाने जे करायचे ते केले. पाहुणा बसला होता तो पाट ओकारेने स्वतः फोडला आणि नदीत सोडला. चांगला पाट होता, आजोबांच्या वेळचा. पाहुण्याचे नाव त्या घटकेपासून बंद झाले. खरे सांगायचे तर त्या नावाचा गावात आधीही फार वापर नव्हता.

बाबा नदीकाठी जाऊन गुडघ्यांवर बसले. ते उठलेच नाहीत. शनिवारी सकाळी इरुमा त्यांच्यासाठी कंदाची भाकर घेऊन आली. त्यांनी ती हातात घेतली आणि तशीच ठेवून दिली. ओठ हलत होते. तिने ऐकले, बाबा प्रार्थनेत पाहुण्याचे नाव घेत नव्हते. “मी कुणासाठी मागतोय, ते तुला ठाऊक आहे,” असे ते देवाला म्हणत होते.

“आमची चाल पाळताय?” तिने विचारले.

“तुमच्या गावात राहतो ना, बाय.”

ती शेजारी बसली आणि म्हणाली, “तो आपली पोथी घेऊन गेला. अकरा वर्षं घेऊन गेला. आणि तुम्ही त्याच्यासाठी उपाशी?”

बाबा म्हणाले, “वैऱ्यावर माया करा, असं पोथीतच आहे. शब्द तूच दिलेस. ‘माया’ला तू कुठला शब्द दिलास आठवतं?”

इरुमाला आठवत होते. ओले मडके वाळेपर्यंत त्याच्यावर लक्ष ठेवून बसतात, त्याला तावरीकर जे म्हणतात, तो शब्द तिने दिला होता. ती उठली नाही. तीही बसून राहिली.

तेव्हा बाबा मोठ्याने म्हणाले, आणि हे शब्द तिच्याकडूनच गावाला कळले, “प्रभो, पोथी गेली तर जाऊ दे. तुझं नाव कुठे लिहायचं, ते मला कधीच कळलं नाही तरी तक्रार नाही. या अकरा वर्षांचे तुझे उपकार माझ्याच्याने फिटायचे नाहीत. पण त्या माणसाला आण.”

रविवारी सकाळी ऊन झाडांच्या शेंड्यांवर आले होते. बाया पाण्याला निघाल्या होत्या. जंगल जिथे संपते आणि अंगण सुरू होते, त्या कडेला एक आकृती उभी राहिली. डोक्यापासून पायापर्यंत चिखल, एका पायात बूट, दुसरा अनवाणी. डॉक्टर लिसार्दो!

बायांनी पाहिले आणि तोंडे फिरवली. ओकारे जाळे विणत होता, विणत राहिला. सगळे गाव त्या माणसातून आरपार पाहत होते.

“अहो, मी आहे!” डॉक्टर स्पॅनिशमध्ये ओरडले. “मी डॉक्टर लिसार्दो! वाचलो मी!”

कुणी हलले नाही. त्यांनी बिशपांचे नाव सांगितले. विद्यापीठाचे सांगितले. पदव्या सांगितल्या, तीन की चार, ते नक्की कळत नाही, कारण मधेच त्यांचा आवाज फुटला. कोरड्या घशाने पाणी मागितले. पाच हातांवर भरलेले मडके होते. कुणी दिले नाही.

बाबा धावत निघाले होते. इरुमाने त्यांचा झगा मागून धरला. “थांबा, बाबा! तुम्ही हाक मारू नका. त्याला मारू दे.”

“अगं, जिवंत आहे तो! दिसत नाही?”

“दिसतो. पण गेलेलेही रानात दिसतात कधी कधी. माझ्या लहानपणी एक असा आला होता.” इरुमाने झगा आणखी घट्ट धरला. “गेलेल्याला स्वतःचं नाव आठवतं, बाबा. दुसऱ्याचं आठवत नाही. वाटेवर पहिलं तेच गळून पडतं. जो आपल्याला नावाने हाक मारील, तो जिवंत. मग आपण त्याला त्याच्या नावाने ओ द्यायची.”

बाबा जागच्या जागी उभे राहिले. ही चाल त्यांना अकरा वर्षांत कुणी सांगितली नव्हती. कशी सांगणार? गावात पन्नास वर्षांत कुणी परत आले नव्हते. आपल्याकडे तरी लग्नातला एखादा विधी मांडव पडल्याशिवाय कुणाला आठवतो?

तिकडे डॉक्टर गुडघ्यांवर बसले होते. चिखलाच्या चेहऱ्यावरून पाण्याच्या दोन रेघा उतरल्या होत्या. सात भाषा जाणणाऱ्या त्या माणसाने गावात सहा दिवस काढले होते, ज्याच्या पाटावर बसले त्यालाही नाव विचारले नव्हते. ‘अरे’, ‘ए’ आणि ‘म्हातारे’ एवढ्यावर त्यांचे भागले होते. ते एकेका चेहऱ्याकडे पाहू लागले. नावाडी. जाळे विणणारा. मडके घेतलेली पोरसवदा बाई. एकाचेही नाव येईना. शेवटी नजर बाबांपाशी गेली आणि बाबांचा झगा धरून उभ्या असलेल्या बाईवर थांबली. दर ओळीनंतर एक पांढऱ्या केसांचा माणूस उठतो, हात जोडतो आणि काहीतरी म्हणतो. ज्याची त्यांनी टिंगल केली होती, तेच.

“इरुमाबाय,” डॉक्टर म्हणाले.

इरुमाने झगा सोडला. ती दोन पावले पुढे गेली आणि पदवी वगैरे काही न लावता म्हणाली, “लिसार्दो!”

मग काय विचारता! गाव धावले. कुणी पाणी दिले, कुणी उचलले, ओकारेने तर मिठीच मारली. पाट फोडल्याचे त्याला त्याच वेळी आठवले असणार, पण मिठी त्याने सोडली नाही.

डॉक्टरांनी काय सांगितले ते ऐका. भोवऱ्यात ते दोनदा खाली गेले. तिसऱ्यांदा वर आले, तो हाताला लाकूड लागले. होडीचे फळकूट समजून त्यांनी ते घट्ट धरले. रात्रभर ते लाकूड त्यांना घेऊन वळणाखालीच गोल गोल फिरत होते. उजाडले तेव्हा ते एका गाळाच्या बेटावर होते आणि मिठीत होती पोथीची पेटी. एक दिवस ते तिथे पडून होते. पाणी उतरल्यावर चालत निघाले.

“पेटी तरंगली?” ओकारेने तीनदा विचारले. चार माणसे पाठवून त्याने पेटी आणवली. झाकण डिंकाने बसवले होते. आत पाने कोरडी ठाक. पाने काढून घेतल्यावर तो म्हणाला, “झाकण लावा आणि टाका आता पाण्यात.” चौघांनी ढकलली. पेटी दगडासारखी तळाला गेली, दोघांना बुडी मारून काढावी लागली. देवाच्या कामाची परीक्षा पाहू नये म्हणतात. पण ओकारेने पाहिली म्हणून आपल्याला खात्री झाली, तेव्हा त्याचेही उपकार मानायला हवेत.

बाबा इकडे हसत होते आणि रडत होते. “इरुमाबाय, बैस. पुढची ओळ सांगतो.”

“आधीची झाली नाही.”

“झाली! आत्ता झाली!” बाबांनी पान मांडीवर घेतले. “ती बाई रडतेय. तो समोर उभा आहे. तिला वाटतंय माळी आहे. तू म्हणालीस, इथे नाव घ्यायचं नाही. बरोबर म्हणालीस. आता ऐक. तो तिला काय म्हणतो, ठाऊक आहे? एकच शब्द. म्हणतो, ‘मरिये!’”

इरुमा उठून उभी राहिली. अकरा वर्षांत पहिल्यांदा ती एका शब्दासाठी उठली.

“नावाने?” तिने विचारले.

“नावाने.”

“म्हणजे तो वाटेवर नव्हताच. सगळं आठवत होतं त्याला!” तिने दोन्ही हात डोक्याला लावले, केस मातीने भरले. “इथून, बाबा. इथून घ्यायचं त्याचं नाव. ‘मरिये, असं येशू म्हणाला.’ लिहा!”

“तीन तोंडं,” बाबा म्हणाले. रीत म्हणजे रीत.

पहिले तोंड इरुमा. दुसरे ओकारे. तिसऱ्यासाठी ओकारे गर्दीत पाहू लागला, तर चिखल वाळलेले डॉक्टर स्वतः पुढे आले. ओकारेने त्यांच्या कानात ओळ सांगितली. डॉक्टर वळले, दोन शब्दांवर अडले. बाया हसल्या. पुन्हा ऐकली, पुन्हा अडले. तिसऱ्या खेपेला, लहान लेकरासारखे बोट नाचवत, त्यांनी सबंध ओळ बाबांना ऐकवली. एकही शब्द न सांडता. ती त्यांची आठवी भाषा.

मग त्यांनी बाबांची लेखणी मागून घेतली. आपल्या हाताने एकतीस जागची आपली अक्षरे खोडली, सावकाश, एकही न चुकवता. आणि बत्तिसाव्या जागी, बाबांनी बोट ठेवले तिथे, येशूचे नाव लिहिले.

इरुमा अजून उभीच होती. “बाबा,” ती म्हणाली, “त्या एकट्या मरीयेलाच हाक मारली त्याने?”

“नाही, बाय. आपल्या सगळ्यांना मारतो. मेंढपाळ आपली मेंढरं नावाने बोलावतो. ते तूच दिलंयस, आठव.”

“गेलेल्यांनाही?”

“त्याच्यासाठी कुणी गेलेलं नाही.”

गाव ऐकत होते. इरुमाने नदीकडे तोंड केले. तिने दोनदा तोंड उघडले आणि मिटले. बारा वर्षे वापरात नसलेली वस्तू काढताना हात अडतो, तसे झाले असावे. मग ती मोठ्याने, स्पष्ट म्हणाली, “सायेरी.” आणि पुन्हा, आता हाक मारतात तशी, “सायेरी! ए सायेरी!”

बाबांनी डोळे मिटले. ओकारेने जमिनीकडे पाहिले. ओकारेची बायको पाय आवळून बसली. कुणी तरी आता उठणार, असे वाटले. कुणी उठले नाही.

हलले ते एकटे डॉक्टर लिसार्दो. ते गर्दीतून वाट काढीत इरुमासमोर आले. तावरीकरांत पायांवर डोके ठेवायची चाल नाही, म्हणून तिला आधी कळेना, हा माणूस खाली वाकून काय शोधतो आहे. डॉक्टरांनी मातीने भरलेल्या तिच्या पायांवर कपाळ टेकले, आणि ते टेकलेलेच ठेवून म्हणाले, “उपकार झाले, इरुमाबाय.”